कार्बोरेटरचा स्क्रू फिरवण्याआधी...

१०० सीसीच्या कार्बोरेटरवाल्या गाडीचं मायलेज पडलं तर स्क्रू फिरवून पेट्रोल कमी करा, असं कुणीतरी सुचवलंय. कृपया करू नका. तो स्क्रू आयडलिंग (गाडी उभी असताना इंजिन चालू) आणि साधारण पाव थ्रॉटलपर्यंतच (अ‍ॅक्सिलरेटर पाव पिळेपर्यंत) प्रभावी असतो. पुढचं काम नीडल आणि मेन जेट या कार्बोरेटरमधल्या पेट्रोल सोडणाऱ्या भागांचं. शिवाय ई२० पेट्रोलमधल्या (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) इथेनॉलमुळे हवा-पेट्रोलचं मिश्रण आधीच लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. आणखी कमी केलंत तर गाडी तापेल, पिकअप घेताना अडखळेल आणि तुम्ही थ्रॉटल जास्तच पिळाल.

इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा सुमारे एक तृतीयांश कमी. त्यामुळे ई२० वर शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ६-७ टक्के घट धरून चाला. घट त्याहून मोठी असेल तर दोष गाडीत शोधा.

आधी मागचा ब्रेक बघा. मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये चाक हाताने फिरवा. लगेच थांबलं तर ब्रेकचा लायनर घासतोय किंवा चेन फार ताणलेली आहे. चेन मधोमध २०-३० मिमी हलली पाहिजे. ब्रेक पेडललाही तितकाच फ्री प्ले (ब्रेक लागण्याआधीची मोकळी हालचाल) ठेवा. टायरची हवा स्टिकरवर लिहिल्याइतकी, तीही टायर थंड असताना भरा. कागदी एअर फिल्टर धुवू नका, बदला. चोक (थंड इंजिन सुरू करताना ओढतो तो) पूर्ण परत बसतोय ना, तेही पाहा.

मायलेजची मोजणी टाकी ते टाकीच करा, म्हणजे टाकी फुल भरून, गाडी चालवून, पुन्हा फुल भरून: तोच पंप, गाडी मेन स्टँडवर, मध्ये किमान २०० किमी. रिझर्व्ह लागण्यावरून काढलेला आकडा धरू नका.