बुडालेल्या युद्धनौकेचे नाव नव्या नौकेला द्यावे का?

धागाकर्ता

निवृत्त युद्धनौकेचे नाव काही वर्षांनी नव्या नौकेला देण्याची पद्धत आपल्या नौदलात रुळलेली आहे. 15 जानेवारी 2025 रोजी मुंबईत ‘निलगिरी’ युद्धनौका आणि ‘वाघशीर’ पाणबुडी सेवेत दाखल झाल्या, तेव्हा ही दोन्ही नावे नौदलात दुसऱ्यांदा आली. ‘कलवरी’ 1967 मध्ये सोव्हिएत संघात बांधलेली आपली पहिली पाणबुडी होती. त्याच नावाची दुसरी 2017 मध्ये माझगाव गोदीतून आली. माझ्या मते ही पद्धत योग्य आहे, आणि जी नौका शत्रूच्या हल्ल्यात बुडाली तिच्या बाबतीत तर अधिकच योग्य आहे.

‘खुकरी’चे उदाहरण घ्यावे. 9 डिसेंबर 1971 च्या रात्री दीवच्या किनाऱ्यापासून दूर, पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीने ही फ्रिगेट (मध्यम आकाराची युद्धनौका) बुडवली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक तिच्यासोबत गेले आणि कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी नौका सोडली नाही. 1989 मध्ये माझगाव गोदीत बांधलेल्या नव्या कॉर्व्हेटला (फ्रिगेटहून लहान युद्धनौकेला) हेच नाव दिले गेले आणि ती 2021 पर्यंत सेवेत राहिली. म्हणजे 32 वर्षे रोजच्या हजेरीत, बिनतारी संदेशांत आणि सरावांच्या आदेशांत हे नाव उच्चारले जात होते. ते राखून ठेवले असते, तर वर्षातून एका दिवशी पुष्पचक्रापुरते उरले असते.

पहिला प्रतिसाद (विरोधी)

धागाकर्त्यांच्या भावनेबद्दल आदर आहे, पण निष्कर्ष पटत नाही. बुडालेली नौका ही त्या 194 जणांची समाधी आहे. ब्रिटिश नौदलाने 1941 मध्ये जर्मन ‘बिस्मार्क’शी लढताना ‘हूड’ गमावली. त्यानंतर ते नाव त्यांनी कोणत्याही युद्धनौकेला दिलेले नाही, आणि त्यामुळे ‘हूड’ कुणाच्या विस्मरणात गेलेली नाही. उलट नाव मोकळे राहिल्यामुळेच ते उच्चारताच नेमकी तीच घटना समोर उभी राहते. ‘खुकरी’ म्हटल्यावर आता दोन नौकांपैकी कोणती, असे विचारावे लागते.

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. नाव पुढे चालवले की जुन्या नौकेविषयीची जबाबदारी संपली, असे मानले जाते. ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका 1997 मध्ये निवृत्त झाली, मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली, 2012 मध्ये सुरक्षिततेच्या कारणास्तव बंद झाली आणि 2014 मध्ये तोडली गेली. जतनाचा खर्च उचलायला कुणी पुढे आले नाही आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊनही ती वाचली नाही. त्या वेळी कोचीच्या गोदीत नवी ‘विक्रांत’ आकार घेतच होती, आणि तिच्याकडे बोट दाखवून जुनीचे दुःख हलके करणारे कितीतरी लोक मला भेटले. ज्या लोखंडी डेकवरून 1971 मध्ये सी हॉक विमाने चितगाव आणि कॉक्स बाजारवर झेपावली, त्या डेकची जागा नाव घेऊ शकत नाही.

दुसरा प्रतिसाद

मी दोन्ही बाजूंना थोडा धक्का देऊ इच्छितो. आपल्या पहिल्या ‘दिल्ली’ची हकिगत पाहा. ही क्रूझर (मोठी, वेगवान युद्धनौका) मुळात ‘अकिलीज’ होती. डिसेंबर 1939 मध्ये रिव्हर प्लेटच्या लढाईत जर्मन ‘ग्राफ श्पे’विरुद्ध ती लढली, आणि तिच्यावर न्यूझीलंडचे अनेक नौसैनिक होते. 1948 मध्ये ती आपल्याकडे आली, नाव बदलले, 1961 च्या गोवा मुक्तीत तिने भाग घेतला आणि 1978 मध्ये ती निवृत्त झाली. तिचा तोफांचा एक बुरूज आपण न्यूझीलंडला भेट दिला. तिथे तो ‘अकिलीज’चा बुरूज म्हणूनच जपला आहे, तर इथे 1997 मध्ये माझगाव गोदीत बांधलेल्या विनाशिकेने ‘दिल्ली’चा वारसा उचलला. एकाच पोलादाला दोन देशांनी दोन इतिहास दिले. तेव्हा इतिहास केवळ लोखंडात असतो, हे मला मान्य नाही, आणि केवळ नावात असतो, हेही नाही.

तिसरा प्रतिसाद (धाग्याच्या बाजूने)

‘हूड’चा दाखला एकांगी आहे. मे 1942 मध्ये कोरल समुद्रात ‘लेक्सिंग्टन’ आणि जून 1942 मध्ये मिडवे बेटाजवळ ‘यॉर्कटाऊन’ गमावल्यावर अमेरिकेने बांधणी चालू असलेल्या विमानवाहू नौकांची ठरलेली नावे बदलून त्यांना हीच नावे दिली. नवी ‘यॉर्कटाऊन’ एप्रिल 1943 मध्ये सेवेत आली, म्हणजे शोक ताजा असतानाच. जुनी प्रशांत महासागरात पाच किलोमीटरहून खोल तळाशी आहे आणि तिच्या समाधीला यामुळे कोणताही धक्का लागलेला नाही.

शिवाय आपल्या पाणबुडीचे ‘खांदेरी’ हे नाव तर नौकेहूनही जुने आहे. अलिबागजवळच्या ज्या बेटावर शिवाजी महाराजांनी 1679 मध्ये किल्ला उभारला आणि ज्याच्यासाठी इंग्रज व सिद्दी यांच्याशी झुंज झाली, त्या बेटाचे हे नाव. एक ‘खांदेरी’ निवृत्त झाली म्हणून ते नाव नौदलाने टाकून द्यावे, असे कोण म्हणेल?

पहिला प्रतिसादकर्ता

खांदेरीबद्दल माझी तक्रार नाही. ती पाणबुडी शांतपणे निवृत्त झाली. माझा आक्षेप बुडालेल्या नौकांपुरता आहे, आणि 1942 चे दाखले युद्धकाळातील आहेत: शत्रूला आणि स्वतःच्या जनतेला संदेश देण्याची ती घाई होती.

धागाकर्ता

मग ‘विक्रांत’बद्दल. नव्या नौकेवर वाफेचे बॉयलर नाहीत, गॅस टर्बाइन आहेत. सी हॉक नाहीत, मिग-29के लढाऊ विमाने आहेत. वजन दुपटीहून अधिक आहे. तरीही तिने जुनीचा आर-11 हा क्रमांक आणि ‘जयेम सं युधि स्पृधः’ हे ऋग्वेदातील बोधवाक्य घेतले, आणि 2023 मध्ये जुन्या ‘विक्रांत’ची मूळ घंटाही तिच्याकडे सोपवण्यात आली. 1971 मध्ये जुन्या नौकेच्या एका बॉयलरला तडा गेला होता, वेग मर्यादित झाला होता, आणि तरीही ती युद्धात उतरली. नव्या नौकेवर रुजू होणाऱ्या नौसैनिकाला हे कुणीतरी सांगतेच, कारण घंटेखाली उभा राहून तो विचारतो की ही कुठली. नाव नसते तर हा प्रश्नच निघाला नसता. तोडलेल्या नौकेचे दुःख मलाही आहे. ती जपायला हवी होती, पण त्या अपयशाचे खापर नावावर फोडू नये.

पहिला प्रतिसादकर्ता

घंटेचा मुद्दा मान्य. आता एक सरळ प्रश्न: 14 ऑगस्ट 2013 रोजी मुंबईच्या गोदीत स्फोट होऊन ‘सिंधुरक्षक’ पाणबुडी बुडाली आणि 18 जण गेले. ती युद्धात गेली नाही. हे नावही परत आणावे असे आपले म्हणणे आहे का?

धागाकर्ता

होय, पण त्या 18 जणांच्या कुटुंबीयांना आधी विचारून. ‘खुकरी’च्या वेळी 18 वर्षे मध्ये गेली होती, इथेही तितका काळ जाऊ द्यावा. आणि नव्या पाणबुडीत, जिथे तिचा चमू रोज ये-जा करतो अशा जागी, त्या 18 जणांची नावे कोरावीत.