गेम बॉयवरचा पोकेमॉन: चार मूव्हची तंगी हेच बळ, मग खेळ तीच का उधळतो?

चारच_मूव्ह (धागाकर्ता)

फेब्रुवारी १९९६ मध्ये जपानात पोकेमॉनचे रेड आणि ग्रीन आले तेव्हा गेम बॉय सात वर्षांचा व्हायला आला होता. पडद्यावर चार छटा, आवाज किरटा. त्या म्हाताऱ्या यंत्रात गेम फ्रीक या कंपनीने १५१ प्राणी कोंबले याचं कौतुक सगळेच करतात. पण मालिका टिकली ती तंगीमुळे, असं माझं मत. संघात सहा, प्रत्येकाला चार मूव्ह (लढाईतले डाव), पाचवी हवी तर जुनी एक सोडा. नियम पोराटोरांना कळणारा, आणि तरी दर वेळी हात अडखळतो.

ही तंगी सर्वात आधी खुद्द खेळच वाया घालवतो, आणि त्याचं नाव एचएम, म्हणजे नकाशावरची वाट उघडणाऱ्या खास मूव्ह. रेड-ब्लूमध्ये (जपानबाहेर आलेली जोडी) त्या पाच: कट, फ्लाय, सर्फ, स्ट्रेंग्थ, फ्लॅश. एकदा शिकवली की पुसता येत नाही. मूव्ह विसरायला लावणारा बाबा दुसऱ्या पिढीत (गोल्ड-सिल्व्हर) आला, तोही ब्लॅकथॉर्न गावात, म्हणजे आठवा बॅज दारात असताना. सर्फची ताकद ९५, ती कोणीही आनंदाने ठेवेल. कटची ५०, आणि शंभरात पाचदा हुकते. फ्लॅशने तर समोरच्याला ओरखडाही उठत नाही. म्हणून लोक हमाल पाळतात: व्हर्मिलियनला स्पिअरो देऊन फारफेच्ड घ्यायचा, त्याच गावात जहाजावर कट मिळते ती त्याच्या गळ्यात, पुढे फ्लायही त्याच्याच. झाला संघ पाचाचा. रुबी-सफायरमध्ये (२००२) एचएम आठ केल्या. रोग बरा करायचा सोडून वाढवला.

चर्चा गेम बॉय, कलर आणि अ‍ॅडव्हान्सपुरती ठेवू. डीएसवर फिजिकल-स्पेशलची वाटणीच बदलली, तो वेगळा विषय.

गवतातली_वाट

असहमत. एचएम ही किल्ली आहे, आणि ती किल्ली बॅगेत न ठेवता जिवंत प्राण्याकडे दिली हीच तर गंमत. ज्याच्या पाठीवर बसून समुद्र ओलांडला तोच पुढे लढतो. किल्लीला वजन नसेल तर नकाशा म्हणजे नुसती चित्रं.

शिवाय फ्लॅशचा बाऊ करू नका. पहिल्या पिढीत रॉक टनेलमध्ये काळोखातही भिंतींच्या कडा पुसट दिसतात. सावकाश गेलं तर फ्लॅश न शिकवता पार होता येतं. ती मिळवायला दहा जाती पकडाव्या लागतात ते निराळंच.

खरा दोष सायकिक टाइप (टाइप म्हणजे प्राण्याची नि मूव्हची जात; कोणती कोणाला भारी हे ठरलेलं). त्याला फक्त बग (किड्यांचा टाइप) भारी पडतो, आणि बगच्या मूव्ह बघा: लीच लाइफ ताकद २०, पिन मिसाइल १४, ट्विनीडल २५ दोनदा. ट्विनीडल एकट्या बीड्रिलकडे, तो पॉयझनही आहे, म्हणजे सायकिकच्या एका फटक्यात आडवा. घोस्ट भारी पडेल असं खेळातली माणसं सांगतात आणि प्रत्यक्षात घोस्टचा परिणाम शून्य! टाइपचा तक्ता हा या खेळाचा कणा, आणि तोच वाकडा.

आकडेमोड

अर्धं बरोबर. कथेत सायकिक माजलेला आहे हे खरं. स्पेशल हा एकच आकडा हल्ल्यालाही आणि बचावालाही, त्यामुळे अलाकझॅमचा १३५ दोन्हीकडे कामाला येतो. अ‍ॅम्नेशिया एकदा वापरली की दोन्ही दुप्पट.

पण केबल लावून माणसाशी खेळलात की राज्य नॉर्मल टाइपचं. टॉरॉस, स्नॉरलॅक्स, चॅन्सी. अलाकझॅमचा साधा बचाव ४५, टॉरॉसची बॉडी स्लॅम आणि वर हायपर बीम यात तो उरत नाही. त्यात पहिल्या पिढीत हायपर बीमने समोरचा पडला तर पुढची खेळी थांबावं लागत नाही. म्हणजे सर्वात मोठ्या मूव्हची शिक्षा बरोबर हव्या त्या वेळी माफ.

आता तंगीबद्दल. चार मूव्ह निवडताना हात अडखळतो म्हणता, पण पहिल्या पिढीत निवडीवर भरवसा ठेवावा असं आतलं गणित आहे का? सायथर घ्या. वेग १०५. साध्या मूव्हला क्रिटिकलची (जबर फटक्याची) शक्यता वेग भागिले ५१२, म्हणजे सुमारे २० टक्के. स्लॅशसारख्या मूव्हला ती आठपट, म्हणजे छतालाच टेकते: २५६ पैकी २५५. आता त्याला फोकस एनर्जी शिकवा. क्रिटिकल वाढायला हवेत ना? शक्यता चौपट व्हायच्या ऐवजी पाव होते, कारण गुणायच्या जागी भागलंय. स्लॅश २५६ पैकी १०४ वर येते, साध्या मूव्ह १३ वर.

बरं, स्वोर्ड्स डान्स? हल्ला दुप्पट, पण क्रिटिकल बसला की वाढवलेला हल्ला धरलाच जात नाही. क्रिटिकलमध्ये सूत्रातली लेव्हल दुप्पट होते, त्याने इजा साधारण १.९ पट. स्लॅश तर जवळपास दर वेळी क्रिटिकल, म्हणजे नाचून काडीचा फायदा नाही. सायथर या तिन्ही मूव्ह लेव्हलने आपसूक शिकतो, आणि त्यातली एक स्लॅशच्या मुळावर उठते, दुसरी तिच्यासोबत वाया जाते. हे खेळात कुठेही लिहिलेलं नाही.

चारच_मूव्ह

सायथरचा दाखला बिनतोड. फोकस एनर्जी ही सरळ प्रोग्रामातली चूक, त्याची वकिली करणार नाही. १०० टक्के अचूक म्हणवणारी मूव्हही २५६ मधून एकदा हुकते, ते त्याच जातीचं.

पण गवतातली_वाट, तुमच्या किल्लीला वजन असावं हे कबूल. कटचं वजन मात्र पहिल्या झुडपाला वाटतं, नंतरच्या पन्नास झुडपांना ते ओझं होतं.

रिकामा_बॉक्स

तुम्ही दोघं गणितात अडकलात. रोज छळणारा दोष साठवणीचा. बॅगेत २० जागा, पीसीत ५० वस्तू. बॉक्स १२, प्रत्येकी २० प्राणी, आणि चालू बॉक्स भरला की खेळ आपणहून पुढच्यावर जात नाही. संघ सहाचा असेल आणि बॉक्स भरलेला असेल तर बॉल फेकताच येत नाही. एकुलत्या एका लेजंडरी प्राण्यासमोर उभं राहिल्यावर हे कळलं की झालं! उपाय एकच: झॅपडॉस, आर्टिक्युनो किंवा म्यूटूकडे निघण्याआधी पीसीवर बॉक्स बदला. बदलताना सेव्ह होतोच, पण दारात पोचल्यावर पुन्हा एकदा करा, कारण सेव्हची जागा एकच आहे. अ‍ॅडव्हान्सवर १४ बॉक्स प्रत्येकी ३० चे झाले तेव्हा कुठे ही डोकेदुखी संपली.

स्लॅशभक्त

मला पहिली पिढी आवडते ती या चुकांसकट. खेळाच्या शेवटी लढावं लागणाऱ्या चौघांपैकी लान्सचा ड्रॅगोनाइट बघा, लेव्हल ६२. समोर व्हीनसॉर ठेवा. कॉम्प्युटर फक्त टाइप बघतो: समोर पॉयझन आहे, सायकिक टाइपची मूव्ह भारी पडणार. पण त्या मूव्ह म्हणजे अ‍ॅजिलिटी आणि बॅरियर, दोन्ही इजा न करणाऱ्या! बसतो त्याच करत. कॉम्प्युटरचा पीपी (मूव्ह वापरायचा साठा) संपतही नाही. आपण लीच सीड लावायची (दर खेळीला तब्येत शोषते), वर टॉक्सिक (चढत जाणारं विष). या पिढीत या दोन्ही मूव्हचा मोजणारा आकडा एकच, त्यामुळे लीच सीडचं शोषणही दर खेळीला चढत जातं. लोरेलायचा ड्यूगाँग तर पॉयझन किंवा फायटिंगसमोर पूर्ण तब्येतीत असतानाही रेस्टच निवडत बसतो, कारण रेस्टही सायकिक.

आणि मिसिंगनो, चुकीतून निघणारा प्राणी. व्हिरिडियनच्या म्हाताऱ्याकडून पकडायचं प्रात्यक्षिक बघा, थेट सिनाबार बेटावर उडा, पूर्व किनाऱ्याला चिकटून सर्फवर वर-खाली फिरा. प्रात्यक्षिकात तुमचं नाव तात्पुरतं रानटी प्राण्यांच्या यादीच्या जागी ठेवलं जातं, आणि त्या किनाऱ्याची स्वतःची यादी लोड होत नाही, म्हणून नावातली अक्षरंच प्राणी बनून समोर येतात. भेट झाली की बॅगेतल्या सहाव्या वस्तूत १२८ ची भर. तिथे रेअर कँडी ठेवा. आधीच १२८ किंवा जास्त असतील तर भर पडत नाही. हॉल ऑफ फेमची नोंद मात्र विस्कटते, ती गेली असं धरून चला.

आकडेमोड

ही करमणूक झाली, गुण नव्हे. शेवटच्या चौघांतला चौथा गडी पॉयझन बघून गोठतो, याला कठीण लढत म्हणायचं? आणि मिसिंगनोच्या कँड्यांनी लेव्हल चढवली की स्टॅट एक्स्पीरियन्स (आकडे वाढवणारा लपलेला अनुभव) मिळत नाही, तो लढूनच मिळतो. लेव्हल १०० चा पोकळ वासा तयार होतो.

जोहटोचा_जावई

गोल्ड-सिल्व्हरचं (१९९९) नाव कोणी काढत नाही म्हणून. स्पेशलचे दोन भाग केले, डार्क आणि स्टील आणून सायकिकला वेसण घातली, दिवस-रात्र आणली, वर पहिल्या पिढीचा कांटो प्रदेशही. दुसऱ्या पिढीने पहिलीचे बहुतेक दोष फेडले.

गवतातली_वाट

फेडले आणि नवं कर्ज काढलं. डार्क टाइप आणला, पण गोल्ड-सिल्व्हरमध्ये हाउंडाउर आणि मर्क्रो कांटोत, रात्री. पुढे डार्क होणारा लार्व्हिटार माउंट सिल्व्हरला, तोही लेव्हल १५ ते २० चा, जेव्हा तुमचा संघ पन्नाशी ओलांडून गेलेला असतो. जोहटोत (या खेळाच्या नव्या प्रदेशात) हाताशी येणारा डार्क म्हणजे जवळपास एकटा अम्ब्रियॉन.

लेव्हलचा चढ तर विचारूच नका. जिमप्रमुख जस्मिनचा स्टीलिक्स ३५, आणि नंतरच्या नंबरच्या प्राइसचा पिलोस्वाइन ३१! मॉर्टीनंतरचे तीन जिम मागेपुढे करता येतात, त्यामुळे तिघांना एकाच पातळीवर ठेवणं भाग पडलं. लान्स ५० वर संपतो. कांटोचा शेवटचा जिम, ब्लू, ५८ वर. आणि मग डोंगरात रेडचा पिकाचू ८१. मधल्या २३ लेव्हल कुठे चढवायच्या? रानटी प्राणी चाळीस-पन्नासचे. शेवटच्या चौघांना पुन्हा पुन्हा धुवत बसा. स्वातंत्र्य दिलं, पण त्याचं बिल शेवटी एकदम लावलं.

जोहटोचा_जावई

बिल मान्य. पण व्हिटनीची मिल्टँक विसरू नका, लेव्हल २०, रोलआउट दर खेळीला दुप्पट. तिसऱ्या जिमला एवढी अद्दल घडवणारी लढत पहिल्या पिढीत नाही. आणि तोड खेळातच आहे: त्याच गोल्डनरॉडच्या दुकानात ड्राउझी देऊन मशॉप मिळतो. मादी निघतो, म्हणून मिल्टँकची अ‍ॅट्रॅक्टही (विरुद्ध लिंगाला भुलवणारी मूव्ह) त्याच्यावर चालत नाही.

कॉइनसेल

दिवस-रात्रीचं कौतुक चाललंय, तर त्याची किंमतही लिहितो. गोल्ड, सिल्व्हर आणि क्रिस्टलमध्ये सेव्ह आणि घड्याळ दोन्ही एकाच सीआर२०२५ बटण-सेलवर चालतात. घड्याळ बंद गेममध्येही सेल खातं, म्हणून ही कार्ट्रिज रेड-ब्लूच्या आधी कोरडी पडतात. सेल गेला की सेव्ह गेला.

बदलायचा तर आधी कार्ट्रिज रीडरने सेव्ह काढून ठेवा, सेल उपसताच तो पुसतो. मागचा स्क्रू ३.८ मिमीच्या गेमबिट नावाच्या खास स्क्रूड्रायव्हरने उघडतो. सेल पत्र्याच्या पट्ट्यांना स्पॉट वेल्ड केलेला असतो. तो खेचून काढायचा नाही, पट्टीखालचं सोल्डर वितळवून पट्टीसकट सोडवायचा, नाहीतर बोर्डावरचा तांब्याचा पॅड उखडतो. नवा सेल पट्टीवालाच घ्या. साध्या सेलवर थेट सोल्डर लावलं तर उष्णतेने तो बिघडतो, आणि चिकटपट्टीने दाबून बसवलेला सेल हिसका बसला की क्षणभर सुटतो. तेवढा क्षण सेव्ह जायला पुरतो.

रुबी, सफायर, एमराल्डमध्ये सीआर१६१६ फक्त घड्याळासाठी, सेव्ह फ्लॅश मेमरीत. सेल संपला तर बेरी वाढत नाहीत, खेळ शाबूत. इथे ट्रायविंग (तीन पात्यांचा) स्क्रूड्रायव्हर लागतो. रुबी-सफायरची बेरी सेल चांगला असूनही अडली असेल तर तो कॅलेंडरचा जुना बग. फायररेड, लीफग्रीन किंवा एमराल्ड केबलने जोडून दुरुस्त होतो.

चारच_मूव्ह

कॉइनसेल, वाचनखूण साठवली.

तिसऱ्या पिढीकडे येतो, कारण माझ्या तंगीच्या मुद्द्याचं सर्वात चांगलं रूप तिथे आहे. पहिल्या दोन पिढ्यांत सगळ्या आकड्यांचा स्टॅट एक्स्पीरियन्स एकाच वेळी कमाल करता येतो, ६५,५३५ पर्यंत. रुबी-सफायरने ईव्हीला (त्याच अनुभवाचं नवं रूप) एकूण ५१० ची मर्यादा घातली, एका आकड्याला कामाचे २५२. लेव्हल १०० ला चार ईव्हीचा एक गुण, म्हणजे ६३. सगळं हवं तर काहीच धड मिळणार नाही. हीच ती चार मूव्हची जात.

स्लॅशभक्त

आणि ती मर्यादा खेळ दाखवतो कुठे? एकही पडदा नाही. सायथरच्या फोकस एनर्जीवर इतका आरडाओरडा झाला, मग इथे ५१० चा हिशोब कागदावर ठेवायला लावणं कसं चालतं? लपवलेली तंगी म्हणजे तंगी नाही, फसवणूक.

आकडेमोड

फोकस एनर्जी उलटं सांगते, ईव्ही काहीच सांगत नाही. फरक आहे. पण कागद लागतो हे खरं. वेगासाठी करत असाल तर क्रम असा: आधी दहा कार्बोस (वेगाचं व्हिटॅमिन), त्याचे १०० ईव्ही. व्हिटॅमिन १०० च्या पुढे लागू पडत नाही, म्हणून लढाया आधी केल्या तर तेवढे पैसे वाचतात पण वेळ जातो. एक ९,८०० ला, दहाचे ९८,०००. उरले १५२. माचो ब्रेस (ईव्ही दुप्पट करणारी वस्तू) लावून झिगझॅगून किंवा झुबॅट मारा, एकाचे दोन ईव्ही. ७६ मारले की थांबा.

गवतातली_वाट

आणि ७६ मोजताना मध्येच विंगल आला तर तोही धरा, त्याचाही वेगच मिळतो. चुकून पूचियेना मारला तर दोन ईव्ही हल्ल्यात गेले. ते परत काढायच्या बेऱ्या एमराल्डमध्ये आहेत, रुबी-सफायरमध्ये त्यांचा हा उपयोगच नाही.