मदत हवी आहे : जुनी स्ट्रिंग मांडणी जिप्समच्या भिंतीवर कशी लावावी?

नमस्कार मंडळी,

इथे स्वीडनमधल्या गोथेनबर्गमध्ये जुन्या सामानाच्या दुकानात मला स्ट्रिंगची जुनी मांडणी मिळाली आहे. पांढऱ्या तारेच्या तीन शिड्या आणि सागवानी व्हिनियरच्या (वरून लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवलेल्या) सहा फळ्या.

ज्यांना ही माहीत नाही त्यांच्यासाठी : 1949 साली बोनिए या स्वीडिश प्रकाशनसंस्थेने पुस्तकांच्या मांडणीची स्पर्धा घेतली. सुटी करून सहज पाठवता येईल, घरच्या घरी जोडता येईल अशी मांडणी त्यांना हवी होती. निस्से स्ट्रिनिंग आणि त्यांच्या पत्नी काइसा यांची मांडणी जिंकली, तीच ही स्ट्रिंग. निस्सेंनी त्याआधी प्लास्टिकचं आवरण दिलेल्या तारेची, भांडी निथळायची जाळी केली होती. तीच तार इथे शिडीच्या रूपात आली. फळी आडव्या तारांवर अडकवायची, की झालं. शेजारच्या दोन फळ्यांना मध्ये एकच शिडी पुरते, त्यामुळे घर आणि पुस्तकं वाढतील तशी मांडणी बाजूला वाढवता येते. इतक्या कमी सामानात इतकं साधलेलं फर्निचर मी दुसरं पाहिलेलं नाही.

माझी अडचण नेमकी त्या मधल्या शिडीची आहे. तिच्यावर दोन्ही बाजूंच्या फळ्यांचं ओझं, म्हणजे टोकाच्या शिडीच्या दुप्पट. भिंत जिप्सम बोर्डाची. लोहचुंबक फिरवून बोर्डाचे स्क्रू शोधले, तर आतले लाकडी स्टड (बोर्ड ज्यांवर बसवलेला असतो ते उभे दांडे) दर 60 सेंमीवर निघाले. फळ्या मात्र 78 सेंमी लांब. कुठलीही एक शिडी स्टडवर घेतली की उरलेल्या दोन पोकळीवर येतात. आणि ठेवायची आहेत पुस्तकं, मीटरभर फळीला सहज 20-25 किलो.

फळ्या कापून 58 सेंमीच्या करा, मग स्टडशी जुळतील, असा सल्ला एकाने दिला. ते मला अजिबात करायचं नाही. जिप्समचे प्लग (पोकळ बोर्डात स्क्रू धरून ठेवणाऱ्या खुंट्या) एवढं वजन धरतील का? शिवाय एका शिडीचं आवरण तडकून आत गंज दिसतोय, आणि एका फळीवर कपाचा पांढरा डाग आहे. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद :
फळ्या कापू नकाच. प्लगच्या भरवशावर पुस्तकंही ठेवू नका. भरलेली फळी शिडीला भिंतीपासून पुढे ओढते, त्यामुळे वरचा स्क्रू उपसला जातो आणि खालचं टोक भिंतीत दाबलं जातं. साधारण 20 मिमी जाडीची लाकडी पट्टी आडवी घेऊन प्रत्येक स्टडमध्ये दोन-दोन स्क्रूंनी बसवा आणि शिड्या त्या पट्टीवर लावा. खालीही तेवढ्याच जाडीची पट्टी हवी, नाहीतर शिडी ओळंब्यात राहणार नाही. पट्ट्यांना भिंतीचाच रंग द्या. मधली शिडी स्टडवर येईल अशी आखणी करा.

गंजाला सुटलेलं आवरण तेवढंच काढा, गंज खरवडा, गंजरोधक प्रायमर आणि वर एनॅमल. धडधाकट आवरण सोलू नका.

धागाकर्ता :
मनापासून आभार! पट्टीची युक्ती पटली. डागावर पॉलिश पेपर मारू का?

प्रतिसाद :
नको, व्हिनियर फार पातळ असतं, एका जागी घासलं की खालचं लाकूड उघडं पडेल. आधी फळीच्या खालच्या बाजूला तेलाचा थेंब टाकून बघा. मुरला तर अगदी बारीक स्टील वूल तेलात भिजवून रेषांच्या दिशेने हलकं फिरवा. वरच तरंगला तर लॅकर (वार्निशसारखा पक्का थर) आहे, मग फोटो टाका, पुढचं बघू.