मदत हवी आहे: रिझर्व्हवरच्या लाकूडहक्कांचे जुने सरेंडर (कॅनडा, 1886) तपासायचे कसे?

विधी_पुणे
एलएलएमच्या प्रबंधासाठी ओंटारियो प्रांतातल्या व्हाइटफिश लेक बँडचे प्रकरण घेतले आहे (बँड म्हणजे मूलनिवासींचा समुदाय; सडबरीजवळ, आजचे नाव अटिकमेकशेंग अनिशनावबेक). 1886 मध्ये बँडने रिझर्व्हवरच्या (बँडसाठी राखलेल्या जमिनीवरच्या) लाकडाचे हक्क सरकारकडे सोडले (हेच सरेंडर) आणि सरकारने ते 316 डॉलरला विकून टाकले. कोर्टात धरलेली वाजवी किंमत 31,600 डॉलर. ओंटारियो अपील कोर्टाचा 2007 चा निकाल वाचून झाला आहे. अडलेय ते असे:
सरेंडर कायद्याला धरून झाले की नाही, हे कोणत्या कागदांवरून ठरवायचे? लाकूड सोडले म्हणजे जमीनही गेली का? (सेंट कॅथरिन्स मिलिंगचा निकाल वाचल्यापासून डोक्यात गोंधळ आहे.) आणि भरपाईवरचे व्याज सरळ की चक्रवाढ, यावर निकालात एवढी पाने का खर्ची पडली?
शेवटच्या प्रकरणात गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाशी तुलना करायचा विचार आहे.

जुने_दप्तर
आधी एक दुरुस्ती करून घ्या. बहुतेक जण 1876 च्या इंडियन अॅक्टची (मूलनिवासींसाठीच्या कायद्याची) कलमे उद्धृत करतात. तो कायदा 1880 मध्ये नव्याने लिहिला गेला. सरेंडरच्या अटी जवळपास त्याच राहिल्या, पण कलमांचे आकडे बदलले. 1886 च्या व्यवहाराला 1880 चाच मजकूर लावा, नाहीतर परीक्षक पहिल्याच पानावर अडवतील.

अटी अशा: सभा खास याच कामासाठी, बँडच्या स्वतःच्या रीतीने बोलावलेली हवी. सुपरिंटेंडंट जनरल (इंडियन खात्याचा प्रमुख) किंवा त्याने अधिकार दिलेला अधिकारी हजर हवा. संमती बँडमधल्या 21 वर्षांवरच्या पुरुषांच्या बहुमताची, आणि मत देणारा रिझर्व्हवर किंवा जवळपास राहणारा व हितसंबंध असलेला हवा. बायकांना मत नव्हते. त्यानंतर अधिकारी आणि एखादा प्रमुख किंवा मानकरी यांनी शपथेवर प्रमाणपत्र द्यायचे आणि शेवटी गव्हर्नर-इन-कौन्सिलची (मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने गव्हर्नर जनरलची) मंजुरी. म्हणजे चार कागद शोधायचे: सभेची नोटीस किंवा इतिवृत्त, सरेंडरचा दस्त, शपथपत्र, मंजुरीचा ऑर्डर-इन-कौन्सिल. पाचवा कागद मिळाला तर सोने: त्या वर्षीची बँडची वार्षिकी (करारानुसार दरवर्षी मिळणारे पैसे) वाटपाची यादी. तिच्यावरून मतदार किती होते ते मोजता येते आणि दस्तावरच्या खुणांशी ताडता येते.

बहुमत कशाचे, यावर कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने कार्डिनल खटल्यात (1982) सांगितले आहे: पात्र मतदारांपैकी निम्म्याहून अधिक हजर हवेत आणि हजर असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांची संमती हवी. सगळ्या मतदारांच्या निम्म्याहून अधिकांनी हो म्हणायला हवे, असा त्याचा अर्थ नाही. इथे बरेच प्रबंध घसरतात.

आणि शपथपत्र सापडले नाही म्हणून सरेंडर रद्द, असे लिहू नका. ब्लूबेरी रिव्हर खटल्यात (1995) प्रमाणपत्राची तरतूद कोर्टाने बंधनकारक न मानता निर्देशात्मक मानली, म्हणजे ती पाळली नाही म्हणून सरेंडर आपोआप रद्द होत नाही.

सेंट कॅथरिन्स खटल्यातले (लंडनची प्रिव्ही कौन्सिल, 1888) लाकूड रिझर्व्हवरचे नव्हतेच. 1873 च्या तिसऱ्या करारात सोडलेल्या मोठ्या प्रदेशातले ते लाकूड, आणि भांडण ओटावा (केंद्र सरकार) विरुद्ध ओंटारियो असे. करार झाल्यावर त्या जमिनीचा लाभ प्रांताला मिळतो, एवढेच तिथे ठरले. तुमच्या प्रकरणात 1850 चा रॉबिन्सन-ह्युरॉन करार आणि त्यात राखून ठेवलेला तुकडा आहे. फक्त लाकडाचे सरेंडर झाले तर जमीन रिझर्व्हच राहते. सरकारला मिळतो तो झाडे विकण्याचा अधिकार, आणि तोही बँडच्या भल्यासाठी.

घनफूट
कागद नीट असले तरी खरी लूट किमतीत होते, म्हणून थोडे मापाबद्दल.

त्या काळी लाकूडहक्काचे पैसे तीन वाटांनी येत: लिलावात एकरकमी बोनस, चौरस मैलावर वार्षिक भुईभाडे आणि प्रत्यक्ष तोडीवर दर हजार बोर्ड फुटांमागे शुल्क. एक बोर्ड फूट म्हणजे 12 इंच बाय 12 इंच बाय 1 इंच. सरकारने "हक्क इतक्याला विकले" असे वाचले की पहिला प्रश्न हाच: हा आकडा नुसता बोनस आहे की सगळे मिळून? दोन वेगळ्या व्यवहारांतले आकडे शेजारी ठेवून तुलना केली की गणित कोसळते.

दुसरे, ओंडके मोजायचे माप. ओंटारियोत तेव्हा डॉइल नावाचे माप चालत असे. ओंडक्याच्या बारीक टोकाचा व्यास इंचात घ्या, 4 वजा करा, वर्ग करा; 16 फुटी ओंडक्याचे तेवढे बोर्ड फूट. 10 इंची ओंडका 36 भरतो. तोच स्क्रिब्नर या दुसऱ्या मापाने सुमारे 55. 20 इंचाला डॉइल 256, स्क्रिब्नर साधारण 275. अठ्ठावीस इंचांच्या आसपास दोन्ही जुळतात. म्हणजे जाड पांढऱ्या पाइनमध्ये फरक किरकोळ, पण बारीक मालावर शुल्क तिसरा हिस्सा कमी येते. जुने आकडे आजच्या घनमीटरमध्ये बदलताना हे विसरलात तर जंगल होते त्यापेक्षा लहान दिसेल.

परवाना बारा महिन्यांपेक्षा जास्त मुदतीचा देता येत नसे आणि मुदत संपली की तोडीचा हिशेब शपथेवर द्यावा लागे. ती विवरणपत्रे शोधा. बोनस कितीही असो, खरे किती झाड पडले ते तिथेच कळते. तुलनेसाठी ओंटारियोचे स्वतःचे लिलाव घ्या. मात्र 1872 चा ह्युरॉन किनाऱ्याचा लिलाव रेल्वेपूर्वीचा आहे. कॅनेडियन पॅसिफिक सडबरीला 1883 मध्ये पोचली, तेव्हा ते दर जसेच्या तसे उचलू नका.

इक्विटीवाला
व्याजाचे उत्तर आकड्यातच आहे. वाजवी किंमत आणि विक्रीची किंमत यांतला फरक 31,284 डॉलर. 1886 पासून 120 वर्षे, 5 टक्के सरळ व्याजाने मुद्दलासह सुमारे 2.19 लाख होतात. तेच चक्रवाढीने सुमारे 1.09 कोटी. दर 3.5 टक्के धरला तर चक्रवाढीने 19 लाखांच्या वर. (हे माझे गणित, निकालातले नव्हे.) दर आणि पद्धत यांपुढे मूळ किमतीचा वाद लहान वाटू लागतो.

सरकारने विश्वासाचे कर्तव्य मोडले, यावर भांडण उरले नव्हते. ते कर्तव्य गेरिन खटल्यापासून (1984) पक्के आहे. खालच्या कोर्टाने सुमारे 11 लाख डॉलर दिले. बँडने पैसे तसेही खर्च केले असते, हे गृहीत त्यामागे होते. अपील कोर्टाने ते नाकारले आणि रक्कम नव्याने ठरवायला प्रकरण परत पाठवले. इथे 1880 च्या कायद्यातली एक तरतूद वापरा: सरेंडरच्या वेळी ठरवून बँडच्या लोकांना उत्पन्नाच्या जास्तीत जास्त 10 टक्केच थेट वाटता येत होते (1906 मध्ये ते 50 टक्के झाले). उरलेले मुद्दल सरकारच्याच ताब्यात राहायचे. मग ते उधळले असते कुणी?

पुढचा टप्पा म्हणून साउथविंड खटला (2021) वाचाच. लॅक स्यूल रिझर्व्हचा भाग धरणाखाली गेला, त्याच्या भरपाईचे ते प्रकरण आहे.

विधी_पुणे
आभार. कागद ओटावाला न जाता मिळतील का?

जुने_दप्तर
बरेचसे मिळतील. लायब्ररी अँड आर्काइव्ह्ज कॅनडाचा (राष्ट्रीय अभिलेखागाराचा) आरजी 10 हा इंडियन खात्याच्या कागदांचा संग्रह. पूर्वेकडच्या प्रांतांसाठी त्यातली रेड सिरीज. त्याच्या मायक्रोफिल्म कॅनडियानाच्या साइटवर फुकट आहेत, पण शोधयंत्र चालत नाही, रीळ क्रमांक काढून पाने उलटावी लागतात. "व्हाइटफिश" नावाने बरेच भलते निघते. त्याच नावाची नदी आहे आणि दुसरा बँडही आहे. मंत्रिमंडळाचे आदेश (ऑर्डर-इन-कौन्सिल) आरजी 2 मध्ये. इंडियन खात्याचे वार्षिक अहवाल वेगळे चाळा, त्यांच्या परिशिष्टांत बँडच्या ट्रस्ट खात्याचे जमाखर्च असतात.

मेंढा-लेखाबद्दल: तिथला 2009 चा सामूहिक वनहक्क आणि 2011 चा वाहतूक परवाना बांबूचा. वनहक्क कायदा 2006 मध्ये बांबू गौण वनोपजात मोडतो, इमारती लाकूड मोडत नाही. तेव्हा "लाकूडहक्क" म्हणून दोन्ही एका तक्त्यात घालू नका. विक्रीचा परवाना कोण देते आणि पैसा कोणाच्या खात्यात जमा होतो, या दोन रकान्यांपुरतीच तुलना ठेवा.