तंबू काठापासून जरा वर लावा
सायकल ट्रिपला मुक्काम करताना पाणी हाताशी राहावं म्हणून तंबू थेट नदीकाठी ठोकावा, असं काही जण सुचवतात. पाणी जवळ हवं हे खरं, पण झोपायला ती जागा मला पटत नाही. रात्री जमीन निवते, तिला लागून असलेली हवा गार आणि जड होऊन उतारावरून खोलगट भागात साचते. दवही तिथेच जास्त. मागे अशाच एका ट्रिपला आमच्यातल्या काहींनी काठावर तंबू लावले, बाकीच्यांनी टेकाडावर. पहाटे खालच्या तंबूंत आतून थेंब ओघळत होते, स्लीपिंग बॅगा पायाकडून ओल्या. वरचे बरेच कोरडे. एका रात्रीच्या ट्रिपला वाळवायला वेळ कुठे? भिजलेला तंबू तसाच सायकलच्या कॅरियरवर बांधायचा, म्हणजे चढावर ते वजनही ओढायचं. आणि हो, थंडी वाजली तरी तंबूची हवा यायची खिडकी पूर्ण बंद करू नका, श्वासातली वाफ आतच साचते.