तिन्ही पिढ्यांना मॅन्युअल गिअरच का हवा असतो?

प्रश्न : मधलाचालक

आमच्या घरी मोटार बदलण्याचा विचार चालू आहे. रोजचे चालवणे बहुतांशी माझ्याकडे असल्यामुळे आणि गर्दीत मिनिटामिनिटाला क्लच दाबून पाय भरून येत असल्यामुळे या वेळी ऑटोमॅटिक घ्यावी, असे माझे मत होते. माझे वडील 69 वर्षांचे आहेत आणि अजूनही नियमित चालवतात. त्यांनी ठाम नकार दिला. मुलगी 21 वर्षांची आहे, परवाना मिळून तिला वर्षही झालेले नाही. तिच्याकडून तरी पाठिंबा मिळेल असे वाटले होते, पण तिलाही मॅन्युअलच हवी आहे. कारण विचारले, तर वडील म्हणतात, "ती गाडी आपल्याआधी निघते", आणि मुलगी म्हणते, "गिअर कधी बदलायचा हे मला ठरवू दे."

आता माझी अडचण अशी की, चाचणीफेरीत ऑटोमॅटिक चालवल्यावर माझाही उत्साह थोडा ओसरला. चढावर पुढचे वाहन ओलांडताना मी ॲक्सिलरेटर दाबला, मोटारीने क्षणभर काहीच केले नाही, आणि मग एकदम दोन गिअर खाली येऊन तिने झेप घेतली. तो क्षण मला आवडला नाही.

ही तिघांचीही निव्वळ सवय आहे, की यामागे तांत्रिक कारण आहे? मायलेज, दुरुस्तीचा खर्च आणि गाडीवरील ताबा ही मॅन्युअलच्या बाजूची नेहमीची तीन कारणे आजही खरी आहेत का?

उत्तर 1 : गिअरपेटी

गिअरपेट्या खोलणे आणि बसवणे हाच माझा गेल्या चोवीस वर्षांचा व्यवसाय आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

मायलेजचे कारण आता शिळे झाले आहे. जुन्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरपेटी यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असे, म्हणजे तेलाच्या प्रवाहातून शक्ती पुढे जात असे, आणि त्या तेलाच्या घुसळणीत बरेच इंधन वाया जाई. शिवाय गिअरही तीन किंवा चारच असत. नंतर टॉर्क कन्व्हर्टरला लॉकअप क्लच आला, जो वेग स्थिरावल्यावर दोन्ही बाजू घट्ट जोडतो, आणि गिअरांची संख्या आठ-दहापर्यंत गेली. आज एकाच मोटारीच्या दोन आवृत्त्यांची तुलना केली, तर अनेकदा ऑटोमॅटिकच थोडी पुढे असते.

दुरुस्तीचे कारण अर्धे खरे आहे. मॅन्युअल गिअरपेटीची रचना साधी असते आणि तिच्यात मुख्यतः झिजतो तो क्लच. क्लचप्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग बदलले की गाडी पुन्हा पूर्वीसारखी होते. ऑटोमॅटिकची पेटी बिघडली, तर काम गुंतागुंतीचे आणि महाग असते. मात्र हाफ क्लचवर गाडी तोलून धरणारा चालक आपला क्लच किती लवकर जाळतो, हे मी रोज पाहतो. अशा चालकाला चांगली ऑटोमॅटिक स्वस्त पडेल.

राहिला ताबा, आणि तुमच्या चढावरच्या क्षणाचा संबंध याच्याशी आहे. त्याआधी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागेल, ती अशी की ऑटोमॅटिक हे एका यंत्राचे नाव नाही. टॉर्क कन्व्हर्टरची पेटी वेगळी. पट्टा आणि कप्प्यांवर चालणारी सीव्हीटी वेगळी, जी 1958 मध्ये डच कंपनी डाफने छोट्या मोटारीत आणली. दोन क्लचांची पेटी वेगळी, ज्यात पुढचा गिअर आधीच जुळवून ठेवलेला असतो. आणि एएमटी तर मुळात मॅन्युअलच पेटी, जिचा क्लच आणि गिअर माणसाऐवजी यंत्राकडून हलवला जातो. एएमटीत गिअर बदलताना ओढ क्षणभर तुटते आणि मान पुढे झुकते, तो अनुभव वेगळा; सीव्हीटीत इंजिनाचा आवाज आधी वाढतो आणि वेग मागाहून येतो, तो वेगळा. तुम्ही दोन गिअर खाली आल्याचे स्पष्ट सांगता, त्यावरून ती सीव्हीटी नसावी.

पण या सर्व प्रकारांत एक मर्यादा समान आहे. गिअर निवडणाऱ्या संगणकाला ॲक्सिलरेटर किती दाबला आहे, वेग किती आहे, इंजिनावर भार किती आहे हे कळते. समोरचा रस्ता त्याला सहसा दिसत नाही. तुम्हाला चढ शंभर मीटर आधी दिसतो, म्हणून मॅन्युअलमध्ये तुम्ही तिसरा गिअर आधीच टाकून ठेवता आणि मग ॲक्सिलरेटर दाबता. ऑटोमॅटिकमध्ये तुम्ही आधी दाबता, मग त्याला कळते, मग तो गिअर बदलतो. रोल्स-रॉइसने 2013 च्या रेथ मोटारीत उपग्रहाच्या मदतीने पुढच्या रस्त्याचा अंदाज घेऊन गिअर निवडणारी व्यवस्था बसवली, ती याच उणिवेवरचा उपाय म्हणून.

उतारावर तेच उलट्या बाजूने घडते. लांब उतारावर अनुभवी चालक सुरुवातीलाच खालचा गिअर टाकतो, इंजिन गाडीला मागे धरून ठेवते आणि ब्रेक तापत नाहीत. ऑटोमॅटिकमध्येही हे करता येते, त्यासाठी मॅन्युअल मोड किंवा खालच्या गिअरची खूण दिलेली असते. पण ऑटोमॅटिक घेणाऱ्यांपैकी ती कितीजण वापरतात? माझ्याकडे उतारानंतर ब्रेक जळाल्याची तक्रार घेऊन येणाऱ्यांना गिअरचा दांडा डी (पुढे जाण्याची नेहमीची खूण) सोडून कुठे हलतो, हेच ठाऊक नसते.

उत्तर 2 : जुनाचालक

माझे वय 72 आहे, त्यामुळे तुमच्या वडिलांच्या बाजूने बोलण्याचा अधिकार मला असावा.

गिअरचे दात जुळण्याआधी त्यांचे वेग सारखे करणारी सिंक्रोमेश व्यवस्था कॅडिलॅकने 1928 मध्ये आणली, तरी मी ज्या जुन्या ट्रकवर शिकलो त्यात ती नव्हती. तिथे डबल क्लच मारावा लागे. खालचा गिअर टाकायचा असेल तर क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून बेताची रेस, पुन्हा क्लच आणि मग गिअर. रेस कमी-जास्त झाली की पेटीतून अशी करकर येई की शेजारी बसलेला शिकवणारा काही न बोलता नुसता आमच्याकडे पाही. त्यामुळे इंजिनाचा आवाज ऐकून वेग ओळखायला आम्ही शिकलो, आणि ती ओळख आज हात आणि पाय यांच्यात इतकी मुरलेली आहे की गिअर कधी बदलला हे मला आठवतही नाही. ऑटोमॅटिक लोकांना सोपी वाटते. मला तिच्यात डावा पाय कुठे ठेवावा हाच प्रश्न पडतो, आणि पहिल्या दिवशी तर मी क्लच समजून त्या पायाने ब्रेक इतका जोरात दाबला की मागे बसलेली पत्नी पुढे आदळता आदळता राहिली.

पण तुमच्या वडिलांच्या बोलण्यातला खरा मुद्दा सवयीपेक्षा पुढचा आहे, असे मला वाटते. "गाडी आपल्याआधी निघते" हे त्यांनी अगदी नेमके सांगितले आहे. बहुतेक ऑटोमॅटिक गाड्या डी मध्ये असताना ब्रेकवरचा पाय उचलला की आपोआप हळूहळू पुढे सरकू लागतात. मॅन्युअलमध्ये सपाटीवर क्लच सोडल्याशिवाय गाडी हलत नाही. ज्याने पन्नास वर्षे "मी सोडले तरच निघेल" या खात्रीवर गाडी चालवली, त्याला ते सरकणे अस्वस्थ करते.

याचीच दुसरी बाजू पेडल चुकण्याची आहे. ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला जाण्याची चूक कोणाकडूनही होऊ शकते, पण उतारवयात घाबरल्यावर पाय परत उचलायला वेळ लागतो. मॅन्युअलमध्ये घाबरलेला चालक बहुधा दोन्ही पाय एकदम दाबतो. इंजिन ओरडते, पण क्लच दाबलेला असल्यामुळे चाकांना ओढ मिळत नाही. जपानने सप्टेंबर 2028 पासून नव्या ऑटोमॅटिक मोटारींमध्ये चुकून दाबलेला ॲक्सिलरेटर रोखणारी यंत्रणा सक्तीची करण्याचे ठरवले आहे आणि मॅन्युअल गाड्या त्या नियमातून वगळल्या आहेत, हे या संदर्भात बोलके आहे.

एवढे सांगून हेही कबूल करतो की माझा डावा गुडघा आता दुखतो. गर्दीच्या रस्त्यावर अर्धा तास गेला की तो मला आठवण करून देतो. तुमच्या वडिलांचे गुडघे कसे आहेत, हे त्यांना नव्हे, घरातील इतरांना विचारा.

उत्तर 3 : दोनपेडल

वरची दोन्ही उत्तरे मनापासून वाचली, तरी मला असहमती नोंदवावीशी वाटते. सहा वर्षांपूर्वी माझ्या डाव्या घोट्याला गंभीर दुखापत झाली आणि त्यानंतर मॅन्युअल चालवणे मला शक्य राहिले नाही. त्याआधी मीही "खरा चालक तोच जो गिअर टाकतो" अशा मताचा होतो. आज ते मत आठवले की संकोच वाटतो.

पुढचा रस्ता पाहून आधीच गिअर टाकणारा चालक खरोखर किती वेळा भेटतो? बहुतेकजण चौथ्या गिअरमध्ये इंजिनाचा जीव काढत चढ चढतात आणि गाडी थरथरू लागली की मग दांड्याकडे हात नेतात. त्यांच्यापेक्षा संगणक लवकर निर्णय घेतो. उत्तम मॅन्युअल चालकाची तुलना सामान्य ऑटोमॅटिकशी केली जाते, हे न्याय्य नाही.

कामगिरीचा वाद तर संपलेलाच आहे. पोर्शने 2013 मध्ये 911 जीटी3 फक्त दोन क्लचांच्या पेटीसह आणली, कारण शर्यतीच्या मार्गावर ती माणसापेक्षा वेगाने गिअर बदलत होती. चाहते नाराज झाले, आणि 2016 च्या 911 आर मध्ये व 2017 च्या जीटी3 मध्ये मॅन्युअल परत आली. ती हळू आहे हे माहीत असूनही लोकांनी ती मागितली. यात गैर काही नाही. मात्र ही आवड आहे, आणि आवडीला सुरक्षिततेचे किंवा काटकसरीचे नाव देऊन घरातल्या दुसऱ्याच्या पायावर लादू नये.

उत्तर 4 : पाचवागिअर

मी 23 वर्षांची आहे, म्हणून तुमच्या मुलीच्या बाजूने थोडेसे. जुन्याची ओढ हे आमचे कारण असूच शकत नाही, कारण जुने काही आम्ही पाहिलेले नाही.

पहिले कारण व्यावहारिक आहे. मॅन्युअल येणारा माणूस ऑटोमॅटिक चालवू शकतो, उलट जमत नाही. आणि कित्येक देशांत परवान्यावरही हा फरक नोंदवला जातो. ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर परवाना तेवढ्यापुरताच मिळतो, जपानमध्ये 1991 पासून केवळ ऑटोमॅटिकचा वेगळा परवाना आहे, आणि जर्मनीने 2021 मध्ये ऑटोमॅटिकवर परीक्षा देणाऱ्यांना मॅन्युअलही चालवण्याची मुभा देताना मॅन्युअल गाडीवरचे ठरावीक तास तरी सक्तीचे ठेवले. शिकायचेच आहे तर अवघड बाजूने शिकावे, असा सरळ हिशोब आम्ही करतो.

दुसरे कारण सांगायला थोडे अवघड आहे. शिकताना मी चौकात सलग चार वेळा गाडी बंद पाडली होती, मागच्या हॉर्नांनी रडू यायचे बाकी होते. ज्या दिवशी चढावर हँडब्रेक सोडताना क्लच नेमका कुठे पकडतो ते पायाच्या तळव्याला कळले आणि गाडी एक बोटही मागे न घरंगळता निघाली, त्या दिवशी मला वाटले की हे यंत्र मला कळते. फोनपासून घड्याळापर्यंत बाकी सगळ्या वस्तू माझ्यासाठी ठरवून मोकळ्या होतात. शिवाय दोन्ही हात आणि दोन्ही पाय कामात असले की फोनकडे हात जात नाही. निदान माझा तरी जात नाही.

गंमत अशी की विजेच्या बहुतेक मोटारींना बदलण्याजोगे गिअरच नसतात, कारण मोटर थांबलेल्या स्थितीपासूनच पूर्ण जोर देते. तरीही ह्युंदाईने 2023 मध्ये आयॉनिक 5 एन या विजेच्या गाडीत खोटे गिअर बदल, त्यांचा हिसका आणि इंजिनाचा आवाज बसवला. दोनपेडल, तुमचे "आवड" हे म्हणणे मला मान्य आहे, पण ती भागवण्यासाठी कंपन्या इतकी खटपट करत असतील, तर तिला "फक्त" आवड कसे म्हणायचे?

प्रतिसाद : मधलाचालक

सर्वांचे आभार. काल पुन्हा एकदा चाचणीफेरी घेतली, या वेळी वडिलांना सोबत घेऊन मोकळ्या मैदानावर. जुनाचालक यांचे निदान अचूक निघाले. ब्रेक सोडताच गाडी सरकली आणि वडिलांनी लगेच माझ्याकडे "बघ" अशा नजरेने पाहिले. दहा मिनिटांत त्यांना त्याची थोडी सवय झाली, मत मात्र बदलले नाही. मी त्याच चढावर मॅन्युअल मोड वापरून आधीच गिअर खाली आणला, तेव्हा तो अडखळणारा क्षण जवळजवळ नाहीसा झाला, म्हणजे माझी तक्रार निम्म्याहून अधिक मिटली.

दोनपेडल यांचा शेवटचा मुद्दा घरी वाचून दाखवला. वडिलांचे गुडघे ठीक आहेत, असे आईनेही सांगितले. अखेर दोन विरुद्ध एक अशा मताने मॅन्युअल ठरली आहे, आणि गर्दीतला क्लच अर्थातच माझ्या वाट्याला आला आहे. तो जास्तीत जास्त टिकावा यासाठी काय पथ्य पाळावे?

उत्तर 5 : गिअरपेटी

सिग्नलला गाडी थांबली की न्यूट्रल करा आणि क्लचवरून पाय पूर्ण काढा. गिअरमध्ये ठेवून क्लच दाबून बसलात, तर रिलीज बेअरिंग विनाकारण फिरत राहते. चढावर हाफ क्लचने गाडी तोलू नका, हँडब्रेक वापरा. चालताना डावा पाय क्लचपेडलवर टेकवून ठेवू नका, आणि हात गिअरच्या दांड्यावर ठेवून बसू नका, कारण तेवढ्या दाबानेही आतला फोर्क घासतो. मोटार नवी असली, तर पहिले काही दिवस क्लच कोणत्या उंचीवर पकडतो ते लक्षात ठेवा. पुढे तो बिंदू वर सरकू लागला, किंवा चढावर इंजिनाचे फेरे वाढूनही वेग वाढेनासा झाला, तर प्लेट संपत आली आहे असे समजून वेळेत दाखवा; उशीर केल्यास फ्लायव्हीलही खराब होते आणि खर्च दुप्पट होतो.