आईचा बोन स्कॅन: हाडं दिसली कशी?

बाळीवेसकर: सोलापुरातच स्कॅन झाला. सकाळी इंजेक्शन, तीन तासांनी फोटो. यंत्रातून किरण सोडलेच नाहीत म्हणे! मग दिसलं कसं?

फिजिक्सवाले सर: किरण आईच्याच अंगातून येतात. इंजेक्शनातलं किरणोत्सारी टेक्नेशियम-९९एम, हाडांत जाणाऱ्या औषधाला जोडलेलं, हाडात साठतं. अमेरिकन शास्त्रज्ञ हॅल अँगर यांचा, हे गामा किरण टिपणाऱ्या गामा कॅमेऱ्यावरचा १९५८चा शोधनिबंध मला फार प्रिय आहे. सोडियम आयोडाइडच्या स्फटिकावर गामा किरण आदळला की प्रकाश चमकतो. मागच्या प्रकाश टिपणाऱ्या नळ्यांत तो कमीजास्त पोचतो, त्यावरून जागा कळते. त्याआधी स्कॅनर एकेक ठिपका टिपत फिरायचा. किती सुंदर कल्पना!

बाळीवेसकर: घरी तान्ही नात आहे, सर.

शेळगीची ताई: ते टेक्नेशियम सहा तासांत निम्मंच उरतं. आईंना भरपूर पाणी पाजा, आपल्या उन्हात लागतंच. नातीला उद्या द्या मांडीवर. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर तेच ऐका.